न आलेला ताप

दुसऱ्याला ताप यावा म्हणून देव पाण्यात घालून बसणारी बाई कशी असेल, असं कोणी विचारलं तर डोळ्यांसमोर एखादी खाष्ट जाऊ येईल, नाहीतर सवत. हळूबाई यांतली कोणी नव्हती. ज्याला ताप यावा असं तिला वाटत होतं त्या माणसाशी ती आयुष्यात एक अक्षर बोललेली नव्हती. शिवाय ती कोणाचं वाईट चिंतणाऱ्यांतली नव्हे. बसमध्ये कोणी तिच्या पायावर पाय दिला तर तीच आधी 'सॉरी' म्हणे, आणि समोरचाही ते मोठ्या मनाने स्वीकारत असे.

'हळूबाई' हे नाव तिला लॅबने दिलं होतं. नवख्यांना वाटायचं, चालीवरून दिलं असेल. तेही खोटं नव्हतं. लहानपणी झोपाळ्यावर पाय जमिनीला टेकवून बसणारी जी एक मुलगी प्रत्येक गल्लीत असते, ती मोठी होऊन हळूबाई झाली होती. घराला कुलूप लावलं की ती तीनदा ओढून बघे, बसस्टॉपवर पोचली की गॅस आठवे, आणि परत येऊन बघावं तर गॅस बंदच असे. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण चालू राहिलेला गॅस काही तिला एकदाही सापडला नव्हता. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणे, "अगं, एकदा तरी चालू ठेवून जा, म्हणजे एवढ्या फेऱ्यांचं सार्थक होईल."

नावाचं खरं कारण मात्र ती जे बनवत होती त्यात होतं.

रक्ताच्या कर्करोगावरचा हा उपचार सांगायला सोपा आहे. रोग्याच्याच रक्तातून लढाऊ पेशी काढायच्या आणि त्यांच्यात बाहेरून एक जनुक घालायचं. त्यामुळे त्यांना जणू एक नवा हात फुटतो आणि त्या हाताने त्या कर्करोगाची पेशी ओळखून पकडतात. मग त्या वाढवायच्या, गोठवायच्या आणि ठरल्या दिवशी त्याच माणसाच्या शिरेत परत सोडायच्या. पुढचं त्या बघून घेतात. अडचण एवढीच, की त्या फारच बघून घेतात. जुन्या पद्धतीचा हात एकदा धरलं की सोडत नसे. धरून बसलेली पेशी पिसाळायची, आरडाओरडा करून शरीरातल्या बाकीच्या पेशींनाही उठवायची, आणि कर्करोग राहायचा बाजूला, माणसालाच चाळीसच्या वर ताप भरायचा. रक्तदाब कोसळायचा. काहींची वाचा जायची.

नऊ वर्षांपूर्वी, लॅबमध्ये नवी असताना, हळूबाई रक्ताच्या नळ्या आणायला वॉर्डात गेली होती. सिस्टरने एका बाईसमोर पेन धरलं होतं आणि विचारलं होतं, "हे काय आहे?" ती बाई गाणं शिकवायची. तिने पेनाकडे बराच वेळ पाहिलं आणि अगदी खात्रीने सांगितलं, "जिना." चार दिवसांनी ती गेली. शेवटच्या तपासणीत तिच्या रक्तात कर्करोगाची एकही पेशी सापडली नाही. कागदोपत्री उपचार पूर्ण यशस्वी झाला होता. त्याचा फायदा घ्यायला फक्त रोगी उरला नव्हता.

तेव्हापासून हळूबाई एकाच गोष्टीच्या मागे लागली: सोडणारा हात. हळूच धरायचं, काम उरकायचं, हळूच सोडायचं आणि पुढच्याकडे जायचं. एकशे चौदा हात तिने बनवून मोडीत काढले. काही इतके ढिले होते की कर्करोगाच्या पेशीला नुसता नमस्कार करून पुढे जात. एकशे पंधरावा जमला. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे काम झालं की खुर्ची सोडणारी माणसं. बाहेर कुठे मिळाली नाहीत, म्हणून तू ती बाटलीत बनवलीस."

या पेशी पहिल्यांदा ज्याच्या शरीरात गेल्या तो दुकानांच्या पाट्या रंगवणारा होता. वय एकसष्ट, दोनदा केमो होऊन दोन्ही वेळा आजार परतलेला. वॉर्डात त्याला सगळे पाटीवालाच म्हणत. पेशी शिरेत सोडण्याच्या दिवशी त्यांची पिशवी कोमट पाण्यात वितळवली, शिरेला जोडली आणि बारा मिनिटांत रिकामी झाली. हळूबाई काचेच्या दाराबाहेर उभी होती. नऊ वर्षं आणि बारा मिनिटं, हे गणित तिला काही केल्या जुळेना. आतून पाटीवाल्याचा आवाज आला, "एवढंच? आमच्या एका अक्षराला याहून जास्त रंग लागतो."

या उपचारात वॉर्डाची एक रीत असते. रोग्याला रोज सकाळी एक वाक्य लिहायला सांगतात, कोणतंही. मेंदूवर परिणाम व्हायला लागला तर अक्षर आधी बिघडतं, बोलणं नंतर. साडेआठच्या मीटिंगमध्ये तापाच्या आलेखाशेजारी तो कागद ठेवला जाई. पाटीवाल्याचं अक्षर असं, की मीटिंगला बसलेल्या डॉक्टरांना स्वतःच्या चिठ्ठ्या लपवाव्याशा वाटाव्यात. पहिल्या दिवशी त्याने लिहिलं, 'शांतता राखा ही पाटी ओरडते आहे.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'दारावरचा बाण ज्या दिशेला आहे तिकडे भिंत आहे.'

तिसऱ्या दिवशी ताप नव्हता. हळूबाई खूश झाली. निदान तिच्या मानाने झाली, म्हणजे तिने जेवताना दुसऱ्यांदा भाजी घेतली. पाचव्या दिवशीही ताप नव्हता. सातव्या दिवशी वॉर्डप्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आलेखावरच्या त्या सरळ रेषेवर बोट ठेवून म्हणाल्या, "मला हे आवडत नाहीये. अठरा वर्षांत ज्याला अजिबात ताप आला नाही असा बरा झालेला रोगी मी पाहिला नाही. ताप नाही म्हणजे आत काही चाललेलंच नाही."

"मॅडम, या पेशी शांतच असायच्या आहेत," हळूबाई म्हणाली.

"शांत आणि मेलेल्या, यातला फरक मला दाखवा. रक्तात तुमच्या पेशी किती आहेत?"

शून्य होत्या. पाचव्या दिवशी शून्य, सातव्या दिवशी शून्य. आणि इथून हळूबाईने मनातल्या मनात ताप मागायला सुरुवात केली. फार नको, अडतीस चालेल, तासाभरासाठी चालेल. मग गाणं शिकवणारी बाई आठवे आणि ती मनातल्या मनात मागितलेलं परत करी. दिवसातून हे पाच-सहा वेळा होई.

त्यात घरी नणंद होती. नणंद त्याच वॉर्डात सिस्टर होती आणि समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायची. रोग्याबद्दल बाहेर बोलायचं नाही हा नियम ती पाळणारी होती, आणि भावजयीच्या बाबतीत तर विशेष आनंदाने.

"ताई, आज ड्यूटी कशी होती?" हळूबाई आडून विचारी.

"ड्यूटीसारखी."

"फार धावपळ झाली का?"

"वहिनी, सकाळी साडेआठला तुम्हाला कागद दिसतो ना? मग माझं तोंड कशाला वाचताय? त्यावर काही छापलेलं नाही."

तरी हळूबाई तोंड वाचतच राही. नणंदेने भांडं आपटलं की तिला वाटे, ताप आला. नाही आपटलं की वाटे, नाहीच आला.

आठव्या दिवशी पाटीवाल्याला आकडे सांगण्यात आले. ते त्याच्या हक्काचं होतं. नवव्या दिवशी कागदावर लिहिलं होतं, 'आज लिहिण्यासारखं काही नाही.' अक्षर तसंच, रेषेला रेषा लागलेली.

दहाव्या दिवशी रक्तात कर्करोगाच्या काही पेशी दिसल्या. हळूबाईच्या पेशी शून्यच. मोठ्या बाईंनी मीटिंग सहा मिनिटांत संपवली. "आज तीन वाजता केमो सुरू करायची. माणूस अशक्त आहे, झेपेल न झेपेल. पण हात बांधून बसण्यापेक्षा बरं."

"मॅडम, माझ्या पेशी थोड्या जरी असल्या तरी केमोने त्याही मरतील. पिशवी एकच होती. पुन्हा बनवण्याइतक्या चांगल्या पेशी त्याच्या रक्तात उरलेल्या नाहीत."

"थोड्या कशाच्या? शून्याच्या?" मोठ्या बाई उठल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

हळूबाई जिना उतरून तळमजल्यावरच्या मोजणीच्या खोलीत गेली. कशासाठी, हे तिला सांगता आलं नसतं. गॅस बंद आहे की नाही हे बघायला जाते तशी गेली. तिथे मोजणीकाका होते. निवृत्तीला सात महिने राहिलेले, एकतीस वर्षांत एक नळी न सांडलेले. आयुष्यभर लोकांचं रक्त मोजूनही सुई पाहिली की मान फिरवणारे.

"काका, सकाळचं रक्त उरलंय का? पुन्हा मोजाल? मी नुसती बघत बसते."

"बसा. पण शून्याचे चार होणार नाहीत, बाई. यंत्र कालच तपासलंय."

पद्धत अशी होती. कर्करोगाच्या पेशीवरची जी खूण हळूबाईचा हात धरतो, त्या खुणेचे चकाकणारे तुकडे बाटलीत विकत मिळतात. ते रक्तात टाकायचे. ज्या पेशीला तो हात आहे ती तुकडा धरते आणि यंत्राखाली चकाकते. जास्तीचे तुकडे तसेच तरंगत राहतात, म्हणून यंत्रात घालण्यापूर्वी पेशी तीनदा धुवायच्या. जनुकावरून मोजायची याहून खात्रीची पद्धत होती, पण ती दुसऱ्या इमारतीत व्हायची, तिला दोन दिवस लागायचे आणि योजनेप्रमाणे ती चौदाव्या दिवशी करायची होती. वॉर्डाला रोज सकाळी आकडा हवा असे, म्हणून ही झटपट मोजणी.

काकांनी एक नळी पाटीवाल्याच्या रक्ताची घेतली आणि दुसरी पडताळ्याची. पडताळ्याला फ्रीझरमधल्या जुन्या पद्धतीच्या पेशी असत. त्या चकाकल्या म्हणजे औषधं आणि यंत्र ठीक. काकांनी तुकडे टाकले, अर्धा तास थांबले आणि पहिलं धुणं काढलं. मग दुसरं. त्यांचे हात बघत राहावे असे होते. घाई नाही, थेंब नाही.

"तीनदा धुणारे सगळीकडे आहेत," ते म्हणाले, "पण तीनही वेळा सारखं धुणारा तुम्हाला दुसरा मिळायचा नाही. असं घासूनपुसून देतो, की काही म्हणजे काही चिकटून राहत नाही."

हळूबाई खुर्चीवरून उठली, पुन्हा बसली, परत उठली.

"काका, तिसऱ्या धुण्याचं पाणी टाकू नका."

"पाणी? त्याचं काय करायचंय?"

"त्याची चकाकी मोजा. दोन्ही नळ्यांची, वेगवेगळी."

पहिल्या धुण्यात चकाकी असणारच, ते जास्तीचे तुकडे. तिसऱ्यापर्यंत पाणी स्वच्छ व्हायला हवं. पडताळ्याच्या नळीचं तसं झालं होतं. पाटीवाल्याच्या नळीचं तिसरं पाणीही चकाकत होतं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "मी नीट धुतलंय, बाई."

"नीट धुतलंत म्हणूनच, काका." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "हा हात सोडतो. मी तो सोडण्यासाठीच बनवलाय. तुम्ही धुता तसतशा या पेशी तुकडे सोडून देतात. जुन्या पेशी कितीही धुतल्या तरी धरून बसतात, म्हणून पडताळा दहा दिवस बरोबर येत राहिला."

मग ती भिंतीपाशी गेली. तिने भिंतीवरच्या फायलीतून या मोजणीची कार्यपद्धती काढली. जुन्या पेशींसाठी लिहिलेली होती. नव्या पेशींसाठी वरचं नाव बदलून तशीच पुढे चालू केलेली. कलम सहा: तीन वेळा धुणे. खाली 'तपासले' या शब्दासमोर सही होती. कुलूप तीनदा ओढून बघणाऱ्या बाईची सही. अकरा पानं तिने शब्दन्‌शब्द वाचली होती, दोन स्वल्पविरामही दुरुस्त केले होते.

घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. आता न धुता मोजायचं. पण न धुतलेल्या रक्तात सगळीकडेच थोडी चकाकी असते, त्यामुळे तुलनेला असं रक्त हवं ज्यात हा हात असलेली एकही पेशी नाही.

"माझं घ्या," हळूबाईने बाही वर केली.

काकांनी मान फिरवली. "मी नळीपासून पुढे सगळं करतो. नळीच्या आधीचं मला सांगू नका."

शेवटी वॉर्डातून नणंदेला बोलवावं लागलं. ती खाली आली, भावजयीचा दंड बांधला आणि म्हणाली, "हे कोणाच्या परवानगीने चाललंय ते मी विचारत नाही. फक्त हात थरथरवू नका. शीर पळते."

"ताई, केमोच्या पिशव्या वर आल्या?"

हा नियमातला प्रश्न नव्हता. नणंदेने सुई टोचली, नळी भरली, कापूस दाबला. "आल्या," ती म्हणाली. "दोन."

दुपारी दीडला आकडा निघाला. हळूबाईच्या रक्तात शंभर लढाऊ पेशींमागे एकसुद्धा त्या तरंगत्या चकाकीहून जास्त चकाकत नव्हती. पाटीवाल्याच्या रक्तात एकवीस. काकांनी तीनदा मोजलं: एकवीस, बावीस, एकवीस. मग त्यांनी कागद पुढे केला आणि खुर्चीत मागे टेकून बसले. अंगातली हवा गेल्यासारखे.

मोठ्या बाईंनी कागद उभ्याउभ्याच वाचला.

"ही पद्धत मंजूर आहे?"

"नाही. आज सकाळी काढली."

"म्हणजे दहा दिवस जी मंजूर होती ती चूक, आणि जी मंजूर नाही ती बरोबर. मंजूर कोणी केली होती?"

"मी."

मोठ्या बाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "ही चकाकी खोटीही असू शकते."

"असू शकते. जनुकाच्या मोजणीला नमुना पाठवलाय. परवा दुपारी कळेल."

"आणि परवापर्यंत आजार थांबतोय का? तुम्ही चुकत असाल तर मी त्याचे दोन दिवस फुकट घालवले. बरोबर असाल आणि मी केमो दिली, तर तुमची नऊ वर्षं आणि त्याची एकमेव संधी मीच धुऊन टाकली." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "हे मी एकटीने ठरवणार नाही. त्याला सांगायचं. आणि मी नाही, तुम्ही सांगायचं. सही तुमची आहे."

हळूबाईने नऊ वर्षांत असंख्य कर्करोग्यांच्या पेशी हाताळल्या होत्या. पण रोगी नावाच्या गोष्टीशी ती कधी बोलली नव्हती. पाटीवाला उशीला टेकून बसला होता, काचेतून वाटला होता त्यापेक्षा बुटका. मोठ्या बाई दाराशी थांबल्या. नणंद सलाईनशी काहीतरी करत उभी राहिली, ज्याची सलाईनला गरज नव्हती.

हळूबाईने सगळं सांगितलं. हात, चकाकी, धुणं, सही. मध्येच तिला वाटलं, आपण फार भराभर बोलतोय.

"म्हणजे त्या पेशी मेल्या नव्हत्या, तुम्हीच त्यांचा रंग पुसून टाकत होता," पाटीवाला म्हणाला.

"हो. तसंच."

"थांबलो तर काय?"

"माझा आजचा आकडा चुकीचा असेल तर आजार दोन दिवस पुढे जाईल. तुमच्यासारख्या तब्येतीला दोन दिवस पुष्कळ असतात."

"आणि बरोबर असेल तर?"

"तर आज केमो घेतली, की त्या पेशी गेल्या. परत बनवता येणार नाहीत."

"ताप का नाही मग मला? या सिस्टर तर रोज थर्मामीटर असा बघतात, जणू मीच तो लपवलाय."

नणंदेने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"त्या पेशी ताप येऊ नये अशाच बनवल्यात. पण ते यामुळेच आहे, असं अजून मला छातीठोकपणे नाही सांगता येत."

पाटीवाला उशीवरून सरळ होऊन बसला. "बाई, मी चाळीस वर्षं शिडीवर काम केलं. खाली शिडी धरायला एक माणूस असतो. मी त्याला कधी विचारलं नाही, शिडी किती टक्के पक्की आहे. मी विचारायचो, चढू का? तो म्हणायचा चढ, नाहीतर म्हणायचा नको. तुम्ही मला तेवढंच सांगा."

असा प्रश्न हळूबाईला आयुष्यात कोणी विचारला नव्हता, कारण तिला ओळखणाऱ्या कोणालाही उत्तर मिळण्याची आशा नव्हती. भाजीत मीठ आहे का या प्रश्नालाही ती 'असावं' म्हणे. 'शक्यता', 'सध्या तरी', 'वाटतं' हे शब्द तिच्या जिभेवर येऊन रांगेत उभे राहिले. तिने ते तसेच गिळले.

"थांबा," ती म्हणाली.

"थांबतो," पाटीवाला म्हणाला आणि मोठ्या बाईंकडे बघून सहीसाठी पेन मागितलं.

पुढचे दोन दिवस हळूबाईने कसे काढले ते तिच्या घरच्यांनाच माहीत. पहिल्या दिवशी ती चपला वेगवेगळ्या घालून कामावर गेली आणि कोणी सांगितलं नाही, कारण कोणाची हिंमत झाली नाही. नवऱ्याने एकही विनोद केला नाही, त्याचा तिला फार धसका बसला. सकाळच्या मीटिंगमध्ये कर्करोगाच्या पेशी आदल्या दिवसापेक्षा किंचित जास्त होत्या. मोठ्या बाईंनी आकड्याखाली एक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी आकडा तेवढाच राहिला. तेवढाच म्हणजे चांगलं की वाईट, यावर हळूबाईने चार तास विचार केला आणि दोन्ही बाजूंनी स्वतःलाच निरुत्तर केलं.

दुपारी पावणेतीनला दुसऱ्या इमारतीतून फोन आला. पलीकडची बाई आकडे वाचून दाखवण्याच्या कामाला कंटाळलेली होती.

"लिहून घेताय ना? शंभरामागे चोवीस."

"पुन्हा सांगता?"

"चोवीस. दोन आणि चार. नमुना दोनदा चालवलाय. आणखी काही?"

आणखी काही नव्हतं. हळूबाई कागद घेऊन वर गेली. लिफ्टची वाट बघायचं तिला सुचलंच नाही. मोठ्या बाईंनी आकडा वाचला, केमोची औषधं परत पाठवायची टेबलावरची चिठ्ठी ओढली, सही केली आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. अजून अठरा दिवसांनी अस्थिमज्जा तपासू, तोवर कोणी नाचायचं नाही. आणि झालेल्या चुकीबद्दलचा अहवाल मला चारच्या आत हवा."

खोलीत पाटीवाला झोपला होता, तोंड थोडं उघडं टाकून. नणंद दारात उभी होती.

"वहिनी, उठवू?"

"नको ताई. झोपू दे. उठले की तुम्हीच सांगा."

"मी? मी कशी सांगू? नियम आहे," नणंद म्हणाली, आणि नाक ओढत सलाईनच्या स्टँडकडे गेली.

चुकीबद्दलच्या अहवालाचा फॉर्म दोन पानी होता. काय घडलं, कधी लक्षात आलं, कोणाच्या सहीने. हळूबाईने सगळं सरळ लिहिलं. काकांचं नाव कुठेही येणार नाही हे तिने दोनदा वाचून पक्कं केलं. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, रुग्णावर परिणाम झाला का. तिथे तिने लिहायला घेतलं, की उपचार फसला असं समजून या माणसाने तीन दिवस काढले, त्यातल्या एका सकाळी त्याला लिहायला काही सुचलं नाही. मग तिचं लक्ष खालच्या बारीक अक्षरांकडे गेलं: या रकान्यात फक्त 'होय' किंवा 'नाही' लिहावे.

तिने नवा फॉर्म घेतला, सगळं पुन्हा उतरवून काढलं आणि तिथे 'होय' लिहिलं. चार वाजायला पाच मिनिटं होती.